कळलावी कुंडीत लावायची असेल तर आधी तिला झोपू द्या

पहिल्या वर्षी मी कळलावीचा कंद आणला, पावसाळ्यात वेल ग्रिलभर चढली, भाद्रपदात सात-आठ फुलं आली आणि ऑक्टोबरात बघता बघता सगळी पिवळी पडून वाळून गेली. मला वाटलं मेली. पाणी वाढवलं, खत घातलं, शेवटी जानेवारीत कुंडी उपडी केली तर आत कंदाचा नुसता चिखल. म्हणजे ती मेली नव्हती, झोपली होती आणि मी तिला बुडवून मारलं 😅 ही चूक जवळपास सगळेच करतात म्हणून लिहितेय.

कळलावी म्हणजे अग्निशिखा, कोणी खड्यानाग म्हणतं. आपल्याकडे कोकणात, घाटात पावसाळ्यात कुंपणावर, झुडपात दिसते ती. सहा पाकळ्या, कडा झालरीसारख्या, आणि सगळ्या मागे वळलेल्या, जशी काय चूल पेटलीय. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग खालून पिवळं वरून लाल, मग पूर्ण लाल, त्यामुळे एकाच वेलीवर तीन रंगांची फुलं एकदम दिसतात. तामिळनाडूचं हे राज्यफूल आणि तिकडे आफ्रिकेत झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिकडच्या शाळकरी मुलांतर्फे ह्याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता, आणि आपल्याकडे हीच वेल रस्त्याकडेला कोयत्याने छाटतात.

आता लावायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा. ही वेल विषारी आहे, थोडीफार नाही, जीव जाईल इतकी. कोल्चिसिन नावाचं द्रव्य सगळ्या वेलीत असतं आणि कंदात, बियांत जास्त. (त्याच द्रव्यापासून गाऊटचं औषध बनतं, म्हणून तामिळनाडूत बियांसाठी शेती करतात हिची.) कंद रताळ्यासारखा दिसतो आणि रताळं समजून खाऊन माणसं दगावलेली आहेत. नावच कळ-लावी, पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून कंद वापरायचे, पण तुम्ही घरगुती औषधाचं काहीही करायला जाऊ नका. घरात रांगतं मूल, कुत्रा, मांजर असेल तर ही वेल लावूच नका, सरळ दुसरं काहीतरी बघा. कंद हाताळताना हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरात ठेवू नका, कांद्या-बटाट्याच्या टोपलीत तर अजिबातच नाही.

कंद नर्सरीतून किंवा ज्याच्याकडे वेल आहे त्याच्याकडून घ्या, रानातून उपटून आणू नका, औषधासाठी आधीच खूप उपसलेत. कंद नांगरासारखा वाकडा असतो, इंग्रजी व्ही किंवा एल सारखा, संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यावरूनच. टोकाला एक डोळा असतो, फुटवा तिथूनच येतो. बटाट्यासारखे जागोजागी डोळे नसतात, त्यामुळे ते टोक मोडलं की तो तुकडा गेला. कंद काचेसारखा कटकन मोडतो, कुरियरने मागवलात तर उघडून पहिलं टोकच तपासा. आणि करंगळीएवढा बारीक कंद असेल तर त्या वर्षी फुलाची आशा ठेवू नका.

लावायचं मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या पावसाला. कुंडी बारा इंची तरी हवी, खाली भोकं मोकळी. मी निम्मी बागेची माती घेते आणि उरलेल्यात जाड रेती, कोकोपीट, जुनं शेणखत. माती मुठीत दाबून सोडली की सुटली पाहिजे, गोळा राहिला तर अजून रेती घाला. कंद आडवा ठेवायचा, वर दोन इंच माती, एकदाच पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर. कोंब यायला दोन-चार आठवडे लागतात, रोज उकरून बघू नका, कोंब मोडतो (हो, मोडलाय माझा).

आधाराची एक गंमत आहे. हिला वेगळे ताणे नसतात, पानाचंच टोक लांब होऊन गुंडाळतं. त्यामुळे जाड बांबू लावलात तर पान त्याला पकडूच शकत नाही, वेल घसरून जमिनीवर लोळते. सुतळी, बारीक तार, जाळी, वाळकी काटकी, असलं काहीतरी द्या आणि कोंब वीतभर व्हायच्या आत द्या, नंतर बांधायला गेलात तर शेंडा तुटतो आणि त्या वर्षीची फुलं गेली. ऊन चार-पाच तास तरी लागतं. बाल्कनीत सावली असेल तर नुसती लांबत जाते.

खत महिन्यातून दोनदा पातळ, कळ्या दिसल्या की पोटॅशवालं. युरिया वगैरे नको, नुसती पानं येतात.

पावसाळ्यात एक काळी अळी येते, अंगावर लाल-पांढरे ठिपके, दिसायला एकदम ऐटबाज, आणि दोन दिवसांत वेल बोडकी करते. लिलीवर येते तीच ही. विषारी पानं आरामात पचवते बया. औषध मारण्यापेक्षा सकाळी हातमोजे घालून वेचणं बरं, पानामागचीही बघा, लहान अळ्या असतील तर कडुनिंबाचं तेल चालतं.

फुलं संपली, पानं पिवळी व्हायला लागली की पाणी कमी करत करत बंद. वेल हिरवी असताना कापू नका, ती अन्न खाली कंदात पाठवत असते, पूर्ण वाळली की मगच काढा. मग कुंडी पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायची आणि मेपर्यंत विसरून जायची. थेंबभरही पाणी नाही. घरातल्यांना आणि कामवाल्या ताईंना सांगून ठेवा, नाहीतर रिकामी कुंडी समजून कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरतं आणि रोज पाणी घालतं, आमच्याकडे झालंय.

मे मध्ये कुंडी अलगद उपडी करा. जुना कंद सुरकुतून संपलेला असतो आणि त्याच्या जागी नवा, बहुतेक दोन शाखांचा. दोन्ही टोकं शाबूत असतील तर मधून वेगळे करून, कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकवून दोन कुंड्यांत लावता येतात. बियांपासूनही होते पण फुलायला तीन-चार वर्षं लागतात, शिवाय फुलातला स्त्रीकेसर काटकोनात बाहेर वळलेला असतो, परागकण आपणहून त्यावर पडत नाहीत, शेंग हवी असेल तर ब्रशने स्वतः लावावे लागतात. मी गेल्या वर्षी लावून बघितले, शेंग धरली, बिया लालभडक निघाल्या, त्यातल्या चार रुजल्यात, सध्या गवताच्या काडीएवढ्या आहेत.