यिर्मया ३१:२५ चा अर्थ लावताना या चुका टाळा

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं (अध्याय ३१, वचन २५) हे वचन चर्चच्या कॅलेंडरवर, भेटकार्डांवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत वारंवार भेटतं. आशय असा: थकलेल्या जिवाला मी पोटभर पाजलं आहे, खंगलेल्या प्रत्येक जिवाला पुन्हा भरलं आहे. बोलणारा परमेश्वर, ऐकवणारा यिर्मया संदेष्टा. वचन छोटं आणि गोड असल्यामुळे ते एकटंच उचललं जातं, आणि मग त्यातला निम्माअधिक अर्थ मागेच राहतो.

थकलेलं कोण होतं, हे न विचारणं

सगळ्यात मोठी चूक ही. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम हिला सुमारे दीड वर्ष वेढा घातला होता. वेढ्याच्या काळात यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या हुकमाने त्याला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळायची, तीही शहरातल्या भाकरी संपेपर्यंत (३७:२१). पुढे लोकांना खायला काहीच उरलं नाही आणि तटाला खिंडार पडलं, असं ५२ वा अध्याय सांगतो. शहर पडलं ते इ.स.पू. ५८७ च्या सुमारास. कैद्यांना बेड्या घालून रामा या गावी आणलं गेलं, आणि ३१ व्या अध्यायात लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलचा, म्हणजे या लोकांच्या आद्य मातेचा, आवाज ऐकू येतो तोही रामातूनच (३१:१५).

खंगलेला जीव म्हणजे काय, ते इथे कळतं. उपाशी, घर गमावलेला, पोटची मुलं डोळ्यांदेखत नेली गेलेला माणूस. आपल्या दगदगीला या वचनातून धीर मिळाला तर त्यात वावगं काही नाही. पण आधी त्या माणसांकडे पाहावं. त्यांना वगळून घेतलेला धीर फार पातळ असतो.

शिवाय हे वचन एकट्यादुकट्याशी बोलत नाही. लगेच आधीची दोन वचनं (३१:२३-२४) वाचा. यहूदाच्या नगरांत लोक पुन्हा राहतील. शेतकरी आणि कळपांमागे फिरणारे मेंढपाळ एकत्र नांदतील. म्हणजे विसावा येतो तो शेतं, गुरं, शेजार यांच्यासकट. उजाड झालेला मुलूख पुन्हा नांदता होतो, तेव्हा तिथला जीव तृप्त होतो. याला केवळ मनाची शांती म्हणणं मला फार अपुरं वाटतं.

पाणी विसरणं

यहूदाचा डोंगराळ मुलूख पावसावर आणि खडकात खोदलेल्या टाक्यांवर जगायचा. याच पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात अवर्षण आहे: श्रीमंतांचे नोकर पाण्याला जातात, टाकी कोरडी असतात, रिकामी भांडी घेऊन ते डोकं झाकून परततात. त्याआधी २:१३ मध्ये परमेश्वराची तक्रार आहे, की लोकांनी जिवंत झरा सोडला आणि पाणी न धरणारी फुटकी टाकी स्वतःसाठी खोदली. हे वाचून मग ३१:१२ वर या. तिथे परतलेल्यांचा जीव भरपूर पाणी मिळालेल्या बागेसारखा होतो. २५ वं वचन ही बाग पुढे नेतं. ज्यांची भांडी रिकामी परतली होती त्यांनाच इथे पोटभर पाजलं आहे. हे धागे हाती नसतील तर वचनातली तहान जाणवतच नाही.

तारखेची हमी मागणं

‘हे वचन रोज म्हणा, आठवड्यात फरक पडेल’ असं कुणी सांगत असेल तर थांबा. यिर्मयानेच बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहून ७० वर्षांचा काळ सांगितला होता. तोवर घरं बांधा, मळे लावा, असंही कळवलं होतं (२९:५-१०). पारसचा (इराणचा) राजा कोरेश याने परतीची परवानगी दिली ती इ.स.पू. ५३८ मध्ये. वेढा पाहिलेल्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसला नाही. यिर्मयाला तर त्याच्या इच्छेविरुद्ध मिसरात (इजिप्तमध्ये) नेण्यात आलं. वेढा चालू असताना त्याने आपल्या अनाथोथ गावचं शेत १७ शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी मोजून विकत घेतलं होतं, आणि ते कसण्याचा योग त्याला आला नाही.

म्हणूनच आजारी किंवा नैराश्यात असलेल्या माणसाला हे वचन ऐकवून ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ म्हणणं क्रूर आहे. वचनात तशी अट कुठेच नाही. स्वतः यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता (२०:१४). अशा माणसाला वचन द्या, सोबत बसा, आणि डॉक्टरकडेही घेऊन जा.

२६ वं वचन गाळणं

बहुतेक कार्डं २५ वर थांबतात. पुढचं वचन म्हणतं: मी जागा झालो, पाहिलं, आणि माझी झोप मला गोड वाटली. हे उद्गार संदेष्ट्याचेच, असं सहसा मानलं जातं. तलवार, दुष्काळ आणि मरी यांचं भाकीत वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला एकदाची सुखाची झोप लागली. खंगलेल्या जिवांत यिर्मयाही होता, हे इथे अलगद समजतं.

वचन सापडत नसेल तर

जुन्या ग्रीक भाषांतराच्या क्रमानुसार हा अध्याय ३८ वा येतो, त्यामुळे तिथे ३८:२५ पाहा. हिब्रूच्या काही छापील प्रतींत ३१ व्या अध्यायाचं पहिलं वचन ३० व्यात मोजतात. मग हेच वचन ३१:२४ होतं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, रोश हशाना या त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी याच अध्यायाचा आधीचा भाग, राहेलच्या रडण्यासकट, वाचला जातो. नव्या करारातल्या मत्तय ११:२८ मधलं कष्टी आणि भाराक्रांत लोकांना दिलेलं बोलावणं याच्याशी जुळतं, पण ते येशूचं बोलणं आहे आणि सहा शतकांनंतरचं. दोन्ही जोडून वाचायला हरकत नाही. मात्र आधी ३० ते ३३ हे चार अध्याय सलग वाचून घ्या.