बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यातल्या पेशी बघताय? या चुका टाळा

सूक्ष्मदर्शीला डोळा लावला की पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, सारंच हालून राह्यलं!" सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हलणं वेगळं, चालणं वेगळं. मातीचे बारीक कणही पाण्यात थरथरतात, कारण पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धडकत असतात. परागकणांतले सूक्ष्म कण पाहताना रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये हीच थरथर टिपली होती. शंका आली तर चुलीतल्या कोळशाची अगदी बारीक पूड टाकलेला दुसरा थेंब बघा. तीही तशीच नाचेल.

सगळंच एका दिशेनं चाललं असेल तर तो प्रवाह समजा. मे महिन्यात आमच्या ब्रह्मपुरीकडे थेंब कडेनं भराभर सुकतो आणि मेलेले जीवही धावायला लागतात. मी स्वतः एकदा अख्ख्या वर्गाला असं 'पोहणारं' शेवाळ दाखवलंय! थेंबावरच्या पातळ काचेच्या, म्हणजे कव्हर स्लिपच्या कडेला अधूनमधून बोडीचंच पाणी सोडा. नळाचं नको, त्यातल्या ब्लीचिंगनं जीव मरू शकतात. स्वतः चालणारी पेशी प्रवाह सोडून वळते, अडली की मागे सरते.

पॅरामेशियम या एकपेशी जीवाची तक्रार उलटी: सापडतं, पण थांबत नाही. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर आणि वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. मोठ्या भिंगाखाली ते टिकणार कसं? आधी छोटं भिंग लावा. मग वरोऱ्याकडच्या कापसाचे चार तंतू पिंजून थेंबात सोडा. त्या जाळीत ते अडकलं की प्रकाश कमी करा. धानावरून वारा जावा तशी अंगावरची रोमकं, म्हणजे केसांसारखे बारीक धागे, लाटेनं हलताना दिसतील. रोमकाच्या आत कडेनं सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन सुट्या नलिका. डायनिन हे प्रथिन शेजारच्या जोड्या एकमेकींवर सरकवू बघतं, म्हणून रोमक वाकतं. पण हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचं काम. पुस्तकातली आकृती वहीत उतरवून वर 'निरीक्षण' लिहू नका.

युग्लिना या हिरव्या एकपेशी जीवाची आणि जीवाणूची कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी, एकच समजू नका. युग्लिनाची वाकते, जीवाणूची बुडाशी असलेल्या मोटरीवर गरगर फिरते, तिच्यात डायनिन नसतंच.

अमिबा या आकार बदलणाऱ्या एकपेशी जीवासाठी वरचं नितळ पाणी आणणारे हमखास रिकाम्या हाती राहतात. तळाचा गाळ, कुजकी पानं आणा. आणि दोन मिनिटांत काचपट्टी धुऊ नका. अॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जोरावर छद्मपाद, म्हणजे अंगाचाच तात्पुरता पाय, पुढे काढायचा, मग मागचं अंग ओढून घ्यायचं, असा त्याचा कारभार. आता त्याची बाह्यरेषा काढा, पाच मिनिटांनी तिच्याच शेजारी दुसरी.