कादंबरीवर चर्चा ठेवताय? या चुका टाळा

वाचनकट्ट्याची संध्याकाळ बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला बसते: "मग, कशी वाटली कादंबरी?" कुणी "मस्त" म्हणतं, कुणी "जरा संथ आहे". सगळ्यांचा नंबर लागून गेला की विषय आटोपतो आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगवर येते. शिवाय ज्याने सुरुवातीलाच "नाही आवडली" म्हटलं, तो पुढे तासभर तेच धरून बसतो.

त्यापेक्षा पुस्तकातला एखादा पेच मध्ये टाका. समजा, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) घेतली आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर येतो, गावाला हाताशी धरून तालीम बांधून घेतो आणि पुढे दुष्काळात वाडीच उठून जाते. मग विचारा: तालीम बांधण्यात मास्तरचं चुकलं का? एक जण म्हणेल, त्या निमित्ताने वाडी एकत्र तरी आली. दुसरा म्हणेल, हौस मास्तरची, घाम गावाचा. भांडण जुंपलं तर जुंपू द्या. थंडावलं की पुढचा प्रश्न: ही सगळी हकिगत मास्तरच्या तोंडून येते, वाडीच्या कारभाऱ्याने ती कशी सांगितली असती? "लेखकाला काय सांगायचंय?" हे मात्र विचारू नका. लगेच दहावीचा पेपर आठवतो आणि माणसं गाइडसारखी बोलायला लागतात.

लेखकाचं चरित्र, पुरस्कार, गदिमांचे धाकटे भाऊ वगैरे माहिती दोन मिनिटांत उरका. ती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

वेळ झाला नाही म्हणून सिनेमा बघून येणारा एक तरी असतोच. अमोल पालेकरांचा चित्रपट (1995) आहेच. त्याला गप्प बसवू नका, फक्त गोष्ट सांगायचं काम देऊ नका. मास्तरच्या मनातलं पडद्यावर कसं आलं, हे विचारा. वाचून आलेल्यांनाही त्यावर बोलता येतं.

एकच काका बोलत सुटले तर? "काका, ते कुठे आलंय? जरा वाचून दाखवता?" म्हणायचं. पुस्तक उघडावं लागलं की आवाज आपोआप खाली येतो, आणि उतारा सापडला तर चर्चेला चांगलं खाद्य मिळतं. सगळेच गप्प असतील तेव्हाही हाच उपाय: अर्धं पान मोठ्याने वाचा. पान नंबर सांगून उपयोग नाही, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, प्रसंग सांगा.

चहा आधी चालेल. बटाटेवडे शेवटी.

पुढचं पुस्तक निघता निघता, चपला घालताना ठरवू नका. त्या उत्साहात हमखास सातशे पानी ठोकळा निवडला जातो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ठरवा, पण आधी वाचनालयात फोन करून किती प्रती आहेत ते विचारून घ्या.