गरवणाऱ्यांनी गाठ आणि रीळ कसे सांभाळावे
साठी ओलांडल्यावर खाडीकाठी गरवायला बसणाऱ्याची खरी अडचण मासा नव्हे, तर गळाच्या बारीक नेढ्यातून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, ओवणे ही असते. म्हणून मी चार-पाच गळ घरीच, दिव्याखाली पांढरा कागद अंथरून, हातभर तंगुसाला बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून नेतो. गाठ मारताना पाच-सहा वेढे घ्यावेत आणि आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, कारण कोरडे नायलॉन घर्षणाने तापून कमजोर होते आणि नेमकी मोठी तांबोशी लागली की तंगूस तिथेच तुटतो.

परतल्यावर रिळाचा (तंगूस गुंडाळायच्या चकरीचा) ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा तंगूस किती ताणाला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी; जोराचा फवारा मारल्यास खारे पाणी आतच ढकलले जाते. मग रीळ पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवावे. (माझे पहिले रीळ एका पावसाळ्यात गंजून गच्च झाले आणि मी उगाच दुकानदाराशी भांडलो.) टोकाकडचा दोन-तीन मीटर तंगूस चिमटीतून ओढून पाहावा, कातळाला घासून खरखरीत झालेला भाग कापावा आणि काठावर न फेकता खिशात घालावा, कारण तो पक्ष्यांच्या पायांत गुंततो.