धुण्याच्या टाकीपाशी काय शिकायचं: प्लास्टिक रिसायकलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिक रिसायकलिंगच्या युनिटमध्ये काम करतो, हे कळलं की केमिकल किंवा मेकॅनिकलची मुलं-मुली हमखास विचारतात, "सर, तिथं शिकण्यासारखं काय आहे?" खूप आहे. पण त्यासाठी लागल्या लागल्या एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा काढणाऱ्या यंत्रावर, जायची घाई करू नका. सुरुवातीचे काही महिने धुण्याच्या टाकीपाशी मागून घ्या. दाण्याची प्रत तिथे ठरते. एक्स्ट्रूडर समोर येईल ते वितळवतो. चुकीचा माल आत गेला तर दाणाही तसाच बाहेर येतो.

टाकीत माल धुतला जातो आणि वेगळाही होतो. तत्त्व शाळेतलंच आहे: पाण्यापेक्षा कमी घनतेचं तरंगतं, जास्त घनतेचं बुडतं. पाण्याची घनता 1. पीपीची (पॉलिप्रॉपिलीन) 0.90 ते 0.91, एलडीची (कमी घनतेचं पॉलिथिन) 0.91 ते 0.93, एचडीची (जास्त घनतेचं पॉलिथिन) साधारण 0.94 ते 0.96. ही तिन्ही तरंगतात. पॉलिस्टायरिन 1.05 च्या आसपास, एबीएस (उपकरणांच्या कवचांचं कडक प्लास्टिक) जवळपास तितकंच, पेट 1.38 च्या आसपास, कडक पीव्हीसी 1.4 च्या आसपास. ही सगळी बुडतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण एचडीचं किंवा पीपीचं असतं आणि बाटली पेटची. दोन्ही एकत्र दळून टाकीत सोडली की झाकणाचे तुकडे वर येतात, बाटलीचे तळाला जातात. जत-आटपाडीकडच्या शेतकरी घरातल्या मुलांना हे पटकन कळतं. बाजरीच्या बियाण्यातला अरगट (कणसावरच्या बुरशीचे गोळे) काढायला 20 टक्के मिठाच्या पाण्यात बी टाकून वर आलेलं फेकून देतात, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

तेच मीठ टाकीतही चालतं. वजनाने 10 टक्के मीठ घातलं की पाण्याची घनता 1.07 होते. साध्या पाण्यात बुडालेलं पॉलिस्टायरिन आणि एबीएस त्यात वर येतं, पेट आणि पीव्हीसी खालीच राहतात. मीठ आणखी विरघळेनासं होईपर्यंत घातलं तरी घनता 1.2 च्या फार पुढे जात नाही, म्हणून मिठाच्या पाण्याने पेट कधीच तरंगणार नाही. मीठ किती पोती ओतलं यावरून घनता ठरवू नका. हायड्रोमीटर (द्रावणाची घनता दाखवणारी तरंगती नळी) टाकीत सोडून बघा आणि पाळी बदलताना पुन्हा बघा, कारण ओला माल स्वतःबरोबर पाणी आणत राहतो आणि द्रावण पातळ होत जातं.

पुस्तकातले आकडे इथवर साथ देतात. टाकीपाशी रोज दिसतं ते वेगळं असतं.

बुडायला हवा तो पेटचा पातळ तुकडा वर तरंगताना दिसतो. त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात, किंवा पृष्ठताणामुळे तो पाण्यावर आडवा पडून राहतो. थोडं धुण्याचं द्रावण घातलं आणि पॅडल हळू फिरवून माल पाण्याखाली दाबला की तो खाली जातो. पॅडल जोरात फिरवलं तर बुडालेला मालही उसळून वर येतो, म्हणून टाकीत धांदल नको. दळलेला माल एका मापाचा असणं तर फारच महत्त्वाचं. तुकडा किती वेगाने खाली जातो हे घनतेइतकंच आकारावर आणि जाडीवर अवलंबून असतं. जड पण कागदासारखा पातळ तुकडा आणि हलका पण जाड तुकडा एकाच वेळी एकाच जागी सापडतात. ग्राइंडरची जाळी फाटली आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर पुढची सगळी विभागणी बिघडते. नवीन माणसाने पाळी सुरू होताना आधी जाळी बघावी.

मग येतो भरणा, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळलेली खनिजाची भुकटी. पीपीत बऱ्याचदा टाल्क किंवा कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं. 20 टक्के टाल्क असलं की पीपी 1.04 च्या घरात जातं, पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात एबीएसबरोबर वर येतं. पाण्याला प्लास्टिकचं नाव कळत नाही, फक्त वजन कळतं. उलट थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनच, पण आत हवा भरलेली असल्यामुळे ते सगळ्यांच्या वर.

आपल्याकडचा खास माल म्हणजे तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांतून निघालेल्या ठिबकच्या नळ्या. नळी पॉलिथिनची, त्यामुळे तरंगायला हवी. पण आत गाळ आणि क्षार साचलेले असतात, आणि ती तशीच टाकीत गेली तर तळाला बसते. आधी चिरा, दळा, पहिल्या पाण्यात गाळ सोडवा, आणि मगच टाकीत सोडा. त्याच भंगारात शेतातल्या पाइपलाइनचे पीव्हीसीचे तुकडे आणि लोखंडी क्लिपा येतात. क्लिपा चुंबकाने आधीच काढा, नाहीतर ग्राइंडरची पाती जातात.

आता सगळ्यात अवघड जागा. पेट आणि पीव्हीसी यांच्या घनता इतक्या जवळ आहेत की पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही, आणि नेमकं हेच मिश्रण सगळ्यात घातक. पेट वितळवायला 260 अंशांच्या वर तापवावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, पेट पिवळं पडतं, काळे ठिपके येतात आणि स्क्रू गंजतो. थोडासा पीव्हीसी सगळा लॉट घालवू शकतो. म्हणून हे काम टाकीच्या आधी, निवडीच्या पट्ट्यावर होतं. आमच्या पट्ट्यावरच्या मावशी बाटली हातात येताच बूड बघतात. पेटच्या बाटलीच्या बुडाशी मधोमध ठिपक्यासारखा उंचवटा असतो, पीव्हीसीच्या बाटलीच्या बुडावर आडवी जोडरेघ असते. बाटलीला घट्ट चिकटलेलं आवरण पीव्हीसीचं असू शकतं, तेही त्या सोलून काढतात. शंका असेल तर तांब्याची तार तापवून तुकड्याला लावतात आणि ज्योतीत धरतात; ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे तुकडा पीव्हीसीचा असू शकतो. ही तपासणी उघड्यावर, अगदी छोट्या तुकड्यावर करा. जाळून वास घेण्याची जुनी सवय भंगारवाल्यांत आहे, ती मात्र शिकू नका. पट्ट्यावर बसायला लाजू नका. मावशींना जे डोळ्यांनी कळतं, ते आपल्याला कॉलेजात कुणी शिकवत नाही, आणि त्यांना मजुरीत त्याचा मोबदला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या मिश्र कचऱ्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे आधी फिरत्या चाळणीतून बारीक ओला माल गाळतात, मग हवेच्या झोताने पिशव्या-कागद उडवतात आणि जड वस्तू खाली पडतात. पण भिजलेला कागद झोताला दाद देत नाही. घरातच ओला-सुका वेगळा झाला नाही तर पुढचं यंत्र कितीही महागाचं असो, माल कमी प्रतीचाच निघतो.

शिक्षणाचं म्हणाल तर दहावीनंतर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचे तीन वर्षांचे डिप्लोमे आहेत. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला केंद्र आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल करूनही, किंवा दुसरीकडून केमिकल करूनही या कामात येता येतं. मुलाखतीला जाण्याआधी घरी एक प्रयोग करा. झाकण, दह्याचा डबा, बाटलीचा तुकडा, जुन्या पेनाचं टोपण घ्या. आधी साध्या पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात, मग शेंगतेलात टाका. तेलात एचडीचा तुकडा बुडतो, पीपीचा वर राहतो किंवा मध्येच रेंगाळतो. जे दिसलं ते वहीत लिहा आणि वही बरोबर न्या.

आणि काम बघायला गेलात की धुतलेलं पाणी कुठे जातं ते जरूर विचारा. टाकीचं पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. मिठाचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्याकडे नोकरी धरू नका. वाळवा-मिरज पट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतो, त्यात आपल्या टाकीची भर नको. हातमोजे, गमबूट, ग्राइंडरपाशी कानाला संरक्षण आणि धुळीसाठी मास्क देतात का, हेही त्याच दिवशी बघून घ्या. पगाराची बोलणी त्यानंतर.