पाणथळीतून तेलवाहिनी नेताना: पाण्याच्या परवानगीचा हिशेब वैशाखापासून मागे

नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, माजलगाव किंवा येलदरी धरणाच्या मागच्या गाळपेर जमिनीत (पाणी ओसरल्यावर पेरतात ती) तेलवाहिनीचा चर खणायचा, तर कामाचे दिवस वर्षातून मोजकेच मिळतात. फाल्गुन संपता संपता पाणी मागे सरतं. चैत्र-वैशाखात गाळ भेगाळतो, पोकलेनला उभं राहायला जमीन मिळते, आणि मृग लागायच्या आत चर बुजलेला असावा लागतो. हे दोन-अडीच महिने हुकले की काम पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. म्हणून आधी वैशाख पक्का करायचा आणि तिथून मागे मोजत यायचं.

उत्तर ध्रुवाजवळ अलास्कात हेच गणित उलट्या ऋतूत मांडतात. तिथली पाणथळ उन्हाळ्यात चिखल असते, म्हणून जमीन गोठल्यावर, बर्फाचे रस्ते करून कामं उरकतात. १९७७ साली सुरू झालेली तिथली ४८ इंची, सुमारे १,२८७ किलोमीटरची वाहिनी निम्म्याहून जास्त अंतर खांबांवरून नेली आहे, कारण तेलाच्या उष्णतेने खालची गोठलेली जमीन विरघळली असती. तिथे पाणथळीत भराव टाकायचा परवाना लष्कराच्या अभियंता विभागाकडून घ्यावा लागतो. पाण्याची गुणवत्ता बिघडणार नाही, असा दाखला राज्य सरकारचा वेगळा लागतो आणि तो द्यायला कायद्याने जास्तीत जास्त एक वर्ष आहे. आपल्याकडे असा एकच दाखला नाही. पाण्याचा प्रश्न चार-पाच खात्यांत वाटला गेलाय, त्यामुळे तारखा जुळवायचं काम अर्ज करणाऱ्यावरच पडतं.

जागा कायद्यात कुठे बसते

पहिली चूक इथेच होते. पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम, २०१७ यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. हे वाचून बरेच जण म्हणतात, ‘जायकवाडी तर धरण आहे, सुटलो.’ सुटत नाही. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्याच्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित आहे. त्या हद्दीतून वाहिनी गेली की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो. प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळाकडून राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो. शिवाय पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत अभयारण्यातून जाणारी तेल व वायू वाहिनी ‘अ’ वर्गात आहे, म्हणजे मंजुरी दिल्लीतून. आखणी दोन-चार किलोमीटर वळवून हद्दीबाहेर नेता येत असेल तर न्या. जास्तीचा पाइप बहुतेक वेळा त्या दिरंगाईपेक्षा स्वस्त पडतो, आणि पक्ष्यांची जागाही शाबूत राहते.

आंतरराष्ट्रीय रामसर यादीतली किंवा सरकारने अधिसूचित केलेली पाणथळ असेल तर २०१७ चे नियम थेट लागू होतात. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. तेव्हा व्हॉल्व्ह स्टेशन, पंपाची खोली, पक्का रस्ता यांच्या जागा आधी नकाशावर तपासा. पूरपातळीचे आकडे जलसंपदा विभागाकडून घ्या, पण गावातही विचारा. गोदाकाठच्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला ‘काका, २००६ ला पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारलं तर तो बोटाने दाखवेल. ती खूण मोजणीत घ्या.

बाकीची खाती थोडक्यात. जलाशयाची संपादित जमीन ओलांडायला आणि चाचणीसाठी पाणी उचलायला जलसंपदा विभाग. मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ. सांडपाणी सोडायचं तर जल प्रदूषण कायदा, १९७४ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. खासगी शेतातून जायला १९६२ चा पेट्रोलियम वाहिनी कायदा, ज्यात अधिसूचनेनंतर हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. गाळपेर जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्याचं नाव येत नाही. पीक मात्र त्याचं असतं. पंचनाम्यात त्याला धरा. कागदावर नाही म्हणून त्याला वगळणं अन्याय आहे, आणि काम अडतं तेही बहुधा इथेच.

आधीचं पाणी कसं होतं, याचा पुरावा

खोदकामाआधीचं पाणी मोजलेलं नसेल तर नंतर कुणी ‘तुम्ही पाणी नासवलं’ म्हटल्यावर उत्तर देता येत नाही, आणि खरंच नासवलं असेल तर गावाला ते सिद्ध करता येत नाही. दोघांच्याही हिताचं काम आहे हे. निदान तीन फेऱ्या हव्यात: कामाच्या आदल्या वर्षी मे महिन्यात पाणी सगळ्यांत कमी असताना, ऑक्टोबरात पावसाळ्यानंतर, आणि जानेवारीत. ओलांडणीच्या (वाहिनी पाणी ओलांडते त्या जागेच्या) १०० मीटर वर, ओलांडणीवर, १०० मीटर खाली आणि ५०० मीटर खाली, अशा चार जागा अक्षांश-रेखांशासह कायम ठेवा. काठापासून २०० मीटरच्या आतल्या विहिरी आणि बोअरही धरा. आपल्या काळ्या पाषाणाला भेगा असतात. चरातलं किंवा ड्रिलिंगचं गढूळ पाणी त्या भेगांतून थेट विहिरीत उतरू शकतं.

पोहऱ्याने पाणी काढून एकाच कॅनमध्ये भरून आणलेला नमुना निकामी असतो. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली वेगळी लागते. ती नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं आणि आकडा चुकतो. त्यात आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणायचा. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत, साधारण ४ अंशांवर, त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचल्या पाहिजेत.

विरघळलेला प्राणवायू मात्र काठावरच रसायनं घालून बांधावा लागतो. ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग तसंच २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं. बूच लावून बाटली पंधराएक वेळा उलटी-सुलटी करायची. तपकिरी साका आला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढरा राहिला तर जवळजवळ नाहीच. साका खाली बसला की २ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. ही बाटली आता प्रयोगशाळेपर्यंत टिकते. न बांधता नेलेल्या नमुन्यातला प्राणवायू वाटेतच बदलतो आणि अहवालात भलताच आकडा छापून येतो.

काळी माती बसत नाही

मराठवाड्यातल्या ओलांडणीचं सगळ्यांत अवघड दुखणं तेल नसून माती आहे. परगावचे कंत्राटदार गाळ अडवायची कापडी कुंपणं आणतात, काठाने रोवतात, फोटो काढतात. ते कुंपण वाळू आणि भरड गाळ अडवतं. काळ्या मातीची चिकण त्यातून चहासारखी गाळून पलीकडे जाते. हिशेब करून बघा: दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला जवळपास तीन दिवस घेतो. त्याहून बारीक कण तर आठवडे तरंगतात. चरात साठलेलं पाणी पंपाने उपसून सरळ ओढ्यात सोडलं, तर ओढा पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत काळा होतो. अंतर्गत जलस्रोतात सोडायच्या पाण्यासाठी तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे. नुसतं थांबून ती गाठता येत नाही.

तेव्हा उपशाचं पाणी आधी निवळण खड्ड्यात घ्यायचं आणि तुरटी द्यायची. मात्रा अंदाजाने टाकू नका. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम तुरटी. चरातलंच पाणी एक-एक लिटरच्या पाच चंचुपात्रांत घ्या आणि १, २, ३, ४, ५ मिलिलिटर द्रावण टाका. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा मिनिटं सावकाश ढवळा, अर्धा तास सोडा. ज्या पात्रात गाठी धरून वरचं पाणी निवळलं त्यातली सगळ्यांत कमी मात्रा घ्यायची. पाचांतही निवळलं नाही तर मात्रा वाढवून पुन्हा करा. समजा ३० मिलिग्रॅम निघाली, तर ५० घनमीटरच्या खड्ड्याला दीड किलो तुरटी. ती द्रावण करून पंपाच्या धारेत सोडा. खडे फेकले तर तळाशी पडून राहतात. सोडण्याआधी सामू तपासा, ५.५ ते ९ च्या आत हवा. खाली बसलेला गाळ पाण्यात परत ढकलायचा नाही, काठाबाहेर वाळवायचा.

ही सगळी पद्धत संमतीच्या अर्जातच लिहा, खड्ड्याच्या मापासह. ‘योग्य ती खबरदारी घेतली जाईल’ एवढंच लिहिलेला अर्ज शंका लावून परत येतो आणि त्यात महिना जातो.

चर की ड्रिलिंग

पात्र कोरडं असेल तर उघडा चर. थोडी धार असेल तर वर मातीच्या गोण्यांचा बांध घालून पाणी पाइपाने किंवा पंपाने खाली न्यायचं. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर माशांची पिल्लं ओढली जातात. धरण भरलेल्या वर्षी फुगवटा मे महिन्यातही हटत नाही. तेव्हा आडवं ड्रिलिंग करून पात्राखालून जायचं. दोन्ही पद्धतींची परवानगी एकाच अर्जात मागून ठेवा.

ड्रिलिंगला ‘पाण्याला हातच लागत नाही’ असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. ड्रिलच्या भोकात सोडलेला बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल दाबाखाली असतो आणि खडकाची भेग मिळाली की वर फुटतो. परत येणारा चिखल कमी झाला किंवा दाब अचानक उतरला, तर पंप लगेच बंद. दोन्ही काठांवर आणि जवळच्या विहिरींवर ड्रिल चालू असेपर्यंत माणूस उभा हवा. फुटलेल्या जागेभोवती गोण्यांचं कडं करायचं आणि टँकरने चिखल उपसायचा. गोण्या आणि टँकर आधीपासून जागेवर असले तरच याचा उपयोग.

उघड्या चरात वरची एक फूट माती वेगळी रचा आणि बुजवताना शेवटी वरच घाला. लव्हाळ्याची मुळं आणि गवताचं बी त्यातच असतं. पाणथळीच्या दोन्ही कडांना चरात चिकणमातीच्या गोण्यांचे आडबांध पाइपभोवती घट्ट रचा. ते नसतील तर बुजवलेला सैल चरच मोरी होतो आणि पाणथळ पाइपाच्या कडेने हळूहळू रिकामी होते. हे वरून दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी कळतं, आणि तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो.

पाइप तरंगण्याचंही बघा. १८ इंची, ८.७ मिलिमीटर जाडीच्या पाइपाचं वजन मीटरला सुमारे ९६ किलो आहे आणि तो १६४ किलो पाणी बाजूला सारतो. म्हणजे रिकामा पाइप भिजलेल्या गाळात वर येणारच. दहा टक्के जादा धरून पाण्यातलं ८४ किलो वजन मीटरमागे काँक्रीटच्या वेष्टनाने द्यावं लागतं.

चाचणीचं पाणी

वाहिनी दाबाखाली तपासायला पाण्यानेच भरतात. याच १८ इंची पाइपात किलोमीटरला दीड लाख लिटर मावतं. दहा किलोमीटरच्या तुकड्याला पंधरा लाख. २०१६ साली रेल्वेने पाणी आणून लातूर जगवलं, त्याच मुलखात हे पाणी मागायचंय, म्हणून एकाच पाण्यावर पुढचे तुकडेही तपासायचं नियोजन अर्जात दाखवा. जंतुनाशक आणि गंजरोधक टाळता आले तर टाळा. घालावेच लागले तर नाव आणि मात्रा प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

सोडताना पाइप साफ करणाऱ्या पिगच्या (पाइपातून ढकलत नेलेल्या बोळ्याच्या) पुढचं पहिलं पाणी सगळ्यांत घाण असतं, त्यात गंज आणि वेल्डिंगचा चुरा येतो. ते वेगळ्या टाकीत घ्या. बाकीचं तासाला १०० घनमीटरपेक्षा जास्त वेगाने सोडू नका. दहा किलोमीटरला पंधरा तास लागतील, लागू द्या. तोंडाशी दगडांची रास, तिच्यापुढे कडब्याच्या पेंढ्या, मग निवळण खड्डा. उघड्या काळ्या रानात सोडलेली धार तासाभरात घळ पाडते. तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत आहे, हे नमुना तपासूनच सोडा, आणि पाणी तपासल्याशिवाय जनावरांना पाजू देऊ नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चराच्या रेषेवरून पायी फिरा. काळी माती भिजून बसते आणि वीतभर खोल पट्टा पडतो. त्यात पाणी वाहायला लागायच्या आत भर घाला. त्याच चार जागांचे आणि विहिरींचे नमुने पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा घ्या, आणि अहवालाची एक प्रत मंडळाकडे, दुसरी ग्रामपंचायतीकडे द्या.