टॉरवरून लेख पाठवताय? या चुका टाळा

टॉर ब्राउझर टाकला की आपण अदृश्य झालो, असं नवख्यांना वाटतं. टॉर तुमचं कनेक्शन तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या तीन सर्व्हरांमधून, फिरवून तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा ठावठिकाणा) लपवतो. फाइलच्या पोटात काय आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

माझ्या एका मित्राने रोजच्या ब्राउझरमध्ये, लॉगिन असतानाच, एक लेख उघडला. प्रिंट देऊन पीडीएफ केली आणि ओनियनशेअर या टॉरवरून फाइल पाठवायच्या ॲपवरून पाठवली. वर फोन: "कोणी पाठवली, ब्रह्मदेवालाही कळणार नाही!" उघडून बघतो तर कोपऱ्यात 'नमस्कार' आणि पुढे साहेबांचं पूर्ण नाव. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख आणि अख्खी लिंक, 'एफबीसीएलआयडी'च्या लांबलचक शेपटीसकट. म्हणजे लेख फेसबुकवरून उघडला, हेही जाहीर. बुरखा घ्यायचा आणि छातीवर नावाची पाटी लावायची!

मी टॉर ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता लेख उघडतो आणि मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवतो. चित्रं जातात, जाऊ देत. टेक्स्ट फाइलला कोपरे नसतात. नुसती लिंक द्यायची तर प्रश्नचिन्हापासून पुढचं कापतो आणि एकदा उघडून बघतो, कारण काही साइट लेखाचा नंबरच त्या शेपटीत ठेवतात. बीबीसीचा लेख असेल तर फाइलची भानगडच नको. त्यांचा ओनियन पत्ता, म्हणजे फक्त टॉरमधून उघडणारा साइटचा पत्ता, २०१९पासून आहे.

दुसरी चूक घाईची. ओनियनशेअरमध्ये फाइल कुठे अपलोड होत नाही, तुमचा लॅपटॉपच सर्व्हर असतो. लोक लिंक पाठवतात, झाकण मिटतात, जेवायला जातात. मग "लिंक चालत नाही" म्हणून मलाच मेसेज! शिवाय पहिल्याने फाइल उतरवली की शेअरिंग आपोआप थांबतं. पाच जणांना द्यायची असेल तर सेटिंगमधली ती आपोआप थांबण्याची टिक आधी काढा. सेटिंग वाचायला अर्धा मिनिट लागतो, पण तेवढा धीर कोणाला?

बाकीचं थोडक्यात. टॉर ब्राउझरला ॲड-ऑन चिकटवू नका. ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता हाताने टाइप करू नका, कॉपी करा. १६ अक्षरी पत्ता सापडला तर सोडून द्या, ते २०२१मध्येच बंद झाले. आलेली पीडीएफ नेट बंद करून उघडा. आणि ओनियनशेअरच्या लिंकसोबत येणारी प्रायव्हेट की, म्हणजे ती लिंक उघडायची गुप्त चावी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हसू नका, टाकलेली पाहिली आहे.